फिल्म मोठी झाली की फोटो जास्त जमतात का?

काजवा | शनिवार, रात्री ९.१०

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकतो.

सहा वर्षं मी फक्त ३५ एमएमवर फोटो काढले. मागच्या वर्षी एक जुना ट्विन लेन्स रिफ्लेक्स (वर-खाली दोन लेन्स, वरून काचेत बघायचा कॅमेरा) हाती आला. १२० चा (३५ एमएमहून रुंद) रोल, ६ बाय ६ सेंटिमीटरची चौकट, एका रोलमध्ये १२ फोटो. तेव्हापासून एक गोष्ट सारखी जाणवतेय. ३६ च्या रोलमधून मनापासून आवडलेले फोटो दोन, फार तर तीन निघायचे. १२ च्या रोलमधूनही दोन-तीन निघतातच! म्हणजे टक्केवारी सरळ तिप्पट. डोळे तेच, हात तेच, फिरायच्या जागाही त्याच.

वागणं मात्र बदललंय. मान खाली घालून त्या काचेत बघायला लागलो की पावलं आपोआप थांबतात. कडेला काय शिरलंय ते बघतो. प्रकाश दोनदा मोजतो. कितीदा तरी बटण न दाबताच कॅमेऱ्याचं झाकण मिटतो. ३५ एमएमवर असं कधी होत नसे, तिथे 'असू दे एक' म्हणून बोट खाली जायचंच.

आता एका ओळखीच्यांनी त्यांचा ४ बाय ५ इंची कॅमेरा वापरायला देऊ केलाय. एका वेळी एकच शीट, म्हणजे फिल्मचा एक सुटा तुकडा. तर प्रश्न असा की ही काळजी फिल्मचा आकार शिकवतो, की नुसती उरलेल्या फोटोंची मोजणी? आणि हाच हिशेब पुढे ओढला तर ४ बाय ५ वर निम्मे तरी फोटो जमायला हवेत. तसं खरंच होतं का? ज्यांनी वापरलाय त्यांनी हात न राखता लिहा.

सावलीवाला | शनिवार, रात्री ९.३२

मोजणीच. काउंटरवर ३२ दिसला की मी एकदम सावध होतो आणि फोटो सुधारतात. कॅमेरा तोच, फिल्म तीच.

मुक्तछंद | शनिवार, रात्री ९.४१

सावलीवाला, माझं नेमकं उलट. तिशी ओलांडली की कधी एकदा रोल संपतो आणि धुवायला मिळतो असं होतं. शेवटच्या पाच-सहा फ्रेम हमखास खिडकी आणि मांजर. (मांजराची तक्रार नाही.)

अंधारखोली | शनिवार, रात्री १०.५५

काजवा, ४ बाय ५ घेणार असाल तर एक आधीच सांगतो, म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही. पहिल्या वर्षी तुमची टक्केवारी घसरेल. माझी चांगलीच घसरली होती.

काळजी दोन जातींची असते. एक बघण्याची, दुसरी हातांची. ६ बाय ६ ने तुम्हाला पहिली दिली आणि दुसरीचं ओझं फारसं टाकलं नाही. शीट फिल्ममध्ये दुसरी एवढी लागते की सुरुवातीला पहिलीला जागाच उरत नाही.

काम आदल्या रात्रीच सुरू होतं. शीट कॅमेऱ्यात नेणारी चपटी पेटी म्हणजे होल्डर. एका होल्डरला दोन बाजू, दोन शीट. मिट्ट काळोखात भरायच्या. शीटच्या एका कोपऱ्याला खाचा असतात. शीट उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) आपल्याकडे. डोळे उघडे असले तरी काही दिसत नाही, बोटाच्या टोकाला त्या खाचा लागल्या की जीव भांड्यात पडतो. मग शीट दोन्ही कडांच्या बारीक पट्ट्यांखाली सरकवायची. एक कड पट्टीवर राहिली तर शीट फुगते आणि फोटोची ती बाजू फोकसमधून जाते. शेवटी डार्क स्लाइड, म्हणजे शीट झाकणारी सरकपट्टी, लावायची. तिच्या मुठीची पांढरी बाजू बाहेर म्हणजे शीट कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली.

जागेवर गेल्यावर ट्रायपॉड, भाता ओढायचा, लेन्स उघडायची, काळं कापड डोक्यावर. काचेवरचं चित्र खालचं वर आणि डावीकडचं उजवीकडे. लूप (छोटं भिंग) लावून फोकस. मग लेन्स बंद, शटर चढवा, होल्डर सरकवा, स्लाइड ओढा, कॅमेरा स्थिर होईपर्यंत थांबा, केबल (शटरचं तारेचं बटण) दाबा, स्लाइड काळी बाजू बाहेर करून परत घाला.

यातली प्रत्येक पायरी मी कधी ना कधी चुकवली आहे. लेन्स उघडी असताना स्लाइड ओढली, शीट धुतल्यावर काळी ठिक्कर. शटर चढवलंच नाही, शीट कोरी. स्लाइड पांढऱ्या बाजूनेच परत घातली आणि एकाच शीटवर दोन फोटो. एकदा धुक्यातल्या झाडासाठी तीन तास थांबलो, धुकं हवं तसं विरळ झालं, केबल दाबली, आणि सामान आवरताना लक्षात आलं की स्लाइड काढलीच नव्हती. धुकं तोवर उठून गेलेलं. त्या झाडाकडे बघत बराच वेळ तिथेच बसून होतो.

आज दहातल्या नऊ शीट नीट निघतात. पण 'नीट निघणं' आणि 'फोटो जमणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या टक्केवारीत यातलं काय मोजलंय?

पाऊलवाट | रविवार, सकाळी ७.२०

मला 'टक्केवारी' याच शब्दावर बोलायचंय.

मी रस्त्यावर फोटो काढते, २८ ची लेन्स, ३५ एमएम. माझ्या कामात वाया गेलेली फ्रेम हा निष्काळजीपणा नाही, तो कामाचाच भाग आहे. एखादा म्हातारा भिंतीपाशी येतोय, मागून सायकल येतेय, ते दोघं कुठे एका रेषेत येतील हे मला आधी कळणार नाही. मी तीन फ्रेम घेते. दोन फुकट जाणारच, आणि कुठल्या दोन हे घेताना सांगता येत नाही.

फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून ७६७ रोल काढले. २७,००० हून जास्त फ्रेम. त्यातून 'द अमेरिकन्स' या त्याच्या पुस्तकात आले ८३ फोटो. म्हणजे सव्वातीनशे फ्रेममागे एक. या माणसाला काळजी नव्हती असं कोणी म्हणणार आहे का? त्याची काळजी नंतर होती: कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलच्या छोट्या प्रिंटांचा कागद) बघताना, छोट्या प्रिंट भिंतीला लावून महिनोन्महिने निवडताना.

काजवा, तुम्ही ३५ एमएमवर 'असू दे एक' म्हणून बोट दाबता, ती सवय चांगली की वाईट हे पुढे ठरतं. त्या 'असू दे'मधला एखादा फोटो नंतर सापडलाय का कधी?

सावलीवाला | रविवार, सकाळी ७.५८

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर: हो. माझ्या भिंतीवर लावलेला एकमेव फोटो तसाच आहे. घेतल्याचं आठवतही नव्हतं.

जुनी_वही | रविवार, सकाळी ११.१५

मी ११ वर्षांपासून वहीत नोंदी ठेवतो. तारीख, कॅमेरा, किती फ्रेम, आणि एक वर्ष उलटल्यावर परत बघून त्यातल्या किती ठेवाव्याशा वाटतात. माझ्यापुरतंच सांगतो.

३५ एमएमला टक्केवारी सगळ्यात कमी, १२० ला त्याच्या दुपटीहून जास्त, शीटला सगळ्यात वर. काजवांना हवं तेच उत्तर. पण एक दिवस मी रकाना बदलला. 'किती फ्रेममागे' हे सोडून 'किती वेळा बाहेर पडलो त्यामागे' असं मोजलं. आणि तिन्ही कॅमेरे जवळपास एकाच ओळीत आले! एका फेरीला सरासरी एखादा फोटो, कधी दोन, पुष्कळदा शून्य. फेरी ३५ एमएमची असो वा शीटची.

याचा मला लागलेला अर्थ असा. शीटच्या कॅमेऱ्यावर मी जे फोटो न काढता सोडून देतो, ते कुठेच मोजले जात नाहीत. ३५ एमएमवर तेच फोटो मी काढतो आणि ते नापास म्हणून नोंदले जातात. काजवा, तुम्ही स्वतःच लिहिलंय की कितीदा न दाबता झाकण मिटता. ते मिटलेलं झाकण हिशेबात घ्या आणि परत भागाकार करा.

तेव्हा मोठ्या फिल्मने मी चांगला फोटोग्राफर झालो असं माझी वही म्हणत नाही. निवड करण्याची वेळ बटणाच्या अलीकडे आली, एवढंच ती म्हणते.

मुक्तछंद | रविवार, सकाळी ११.२२

हा प्रतिसाद छापून डार्करूमच्या दारावर लावणार.

तिपाई | रविवार, दुपारी १.०५

जुनी_वही यांच्याशी बरंचसं सहमत, पण 'एवढंच' या शब्दाशी नाही. काही फरक खरोखर कॅमेऱ्यामुळे पडतात.

काजवा, तुमचा आधीचा ३५ एमएमचा एसएलआर असावा, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्समधूनच बघायचा कॅमेरा. त्यात बटण दाबलं की आरसा उसळतो. ट्विन लेन्समध्ये आरसा हलत नाही, शटर लेन्सच्या आतलं पातळ पात्यांचं, धक्का जवळजवळ नाही. शिवाय कॅमेरा छातीशी, पट्टा मानेवर ताणलेला. ज्या स्पीडला एसएलआरवर फोटो हलतो, त्या १/३० सेकंदाला इथे तो हाताने घेतला तरी टिकतो. तुमच्या वाढलेल्या टक्क्यांत यातलं किती आहे ते तपासा.

दुसरं, प्रिंट. ८ बाय १० इंची प्रिंट काढायची तर ३५ एमएमची फ्रेम साडेआठ पट मोठी करावी लागते, ६ बाय ६ साधारण साडेचार पट, आणि ४ बाय ५ फक्त दुप्पट. धुळीचा कण, ओरखडा, फोकसमधला केसभर फरक, सगळं त्याच पटीत मोठं होतं. छोट्या फिल्मवर तीच चूक जास्त दिसते. म्हणजे एका अर्थाने काळजीची गरज ३५ एमएमलाच सगळ्यात जास्त, आणि आपण नेमके तिथेच सैल असतो.

आता उलटी बाजू. ३५ एमएमवर ५० ची लेन्स, एफ ८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र बारीक), तीन मीटरवर फोकस: साधारण २.३ पासून ४.२ मीटरपर्यंत सगळं टोकदार. त्याच दृश्यासाठी ४ बाय ५ ला १५० ची लेन्स लागते. त्याच एफ ८ ला आता हातात उरतात २.७ ते ३.४ मीटर. आधीएवढी खोली हवी असेल तर एफ २२ पर्यंत जावं लागतं. तीन स्टॉप गेले, म्हणजे प्रकाश तीनदा निम्मा झाला, १/६० चं १/८ झालं. मग ट्रायपॉड आला, वारा आला, पान हललं. जवळची वस्तू घ्यायची म्हणून भाता ताणला की आणखी प्रकाश जातो. १५० ची लेन्स ३०० पर्यंत ओढली तर आणखी दोन स्टॉप.

म्हणून मोठ्या कॅमेऱ्यावर माणूस हळू होतो त्यातलं अर्धं स्वभावाने नाही, भौतिकशास्त्राने होतं. आणि म्हणूनच तो स्थिर विषय निवडतो. दगड हलत नाही, दगडाची टक्केवारी चांगलीच येणार.

निगेटिव्हवाली | रविवार, संध्याकाळी ६.४०

दगडावरून आठवलं. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा योसेमिटी दरीतला हाफ डोमचा कडा, १० एप्रिल १९२७. साडेसहा बाय साडेआठ इंची काचेच्या १२ प्लेट घेऊन बर्फातून चढून गेला. वाटेत वापरून आणि वाया जाऊन कड्यासमोर पोचला तेव्हा दोन उरल्या होत्या. एक पिवळ्या फिल्टरने काढली. काढल्याबरोबर त्याला वाटलं की आकाश आपल्याला वाटतंय तसं येणार नाही, उजळ येईल. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं आलं. कड्याचा जो फोटो आपण सगळे ओळखतो तो ही शेवटची प्लेट.

३६ फ्रेम हातात असत्या तर त्याने पिवळ्यावरच दहा काढल्या असत्या आणि लालचा विचार त्याला सुचला नसता, असं मला फार वाटतं. शेवटचीच आहे म्हणून तो थांबला आणि मनात आधी प्रिंट बघितली. मला काजवांच्या प्रश्नाचं उत्तर या एका फोटोत दिसतं.

पाऊलवाट | रविवार, संध्याकाळी ७.१५

निगेटिव्हवाली, फोटो मलाही प्राणप्रिय आहे. पण ॲडम्स त्या दरीत पहिल्यांदा गेला १९१६ मध्ये. कड्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याला तो डोंगर ११ वर्षांचा ओळखीचा होता. ते प्लेटच्या आकारात कुठे मोजणार? छोटा कॅमेरा घेऊन गेला असता तरी त्याने लाल फिल्टर लावला असता असं मला वाटतं.

निगेटिव्हवाली | रविवार, संध्याकाळी ७.५०

ओळख होतीच, पण पिवळा आधी का लावला मग? थांबवणारी ती शेवटची प्लेट होती.

त्याचाच दुसरा फोटो घ्या. १९४१ चा हर्नांडेझ गावचा चंद्रोदय, ८ बाय १० चा कॅमेरा. ऊन स्मशानातल्या क्रूसांवरून निसटत होतं आणि लाइट मीटर सापडेना. चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, २५० कँडल प्रति चौरस फूट, त्यावरून एक्सपोजर काढलं आणि एक शीट घेतली. दुसरी घेण्यासाठी होल्डर फिरवला तोवर ऊन गेलं. हे पाठ असणं शीटच्या कॅमेऱ्यानेच अंगी मुरवलेलं. मात्र निगेटिव्ह सोपी नव्हती. खालचा भाग इतका पातळ आला की १९४८ मध्ये त्याने तेवढा भाग रसायनाने पुन्हा गडद करून घेतला. तेव्हा 'पहिल्याच फटक्यात जमलं' असंही कोणी समजू नये.

चौकट | रविवार, रात्री ९.३०

चर्चा सुंदर चाललीय. सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलीय की मोठी फिल्म म्हणजे कमी फोटो. एक उदाहरण बघा.

फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडॉनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या माणसांचे पोर्ट्रेट काढले. खाणकामगार, भटके, कत्तलखान्यातले मजूर. मागे पांढरा कागद, सावलीतला उजेड आणि ८ बाय १० चा कॅमेरा. एकूण ७५२ माणसं आणि सुमारे १७,००० शीट. माणशी बावीस-तेवीस शीट होतात! सगळ्यात मोठ्या, सगळ्यात जिकिरीच्या फिल्मवर त्याने ३५ एमएमसारखं काम केलं. कारण शीट भरायला आणि फोकस धरायला मदतनीस होते, आणि किती शीट जातात याची चिंता त्याच्या डोक्यावर नव्हती.

म्हणजे आकार काळजी शिकवत नाही. त्या आकाराचा भार तुम्ही स्वतः उचलता तेव्हा तो शिकवतो.

पोर्ट्रेटमध्ये आणखी एक गोष्ट होते, ती मी रोज बघतो. एसएलआर डोळ्याला लावला की समोरच्याला माझा चेहरा दिसत नाही. शीटच्या कॅमेऱ्यात होल्डर आत गेला की काच झाकली जाते, मला काहीच दिसत नाही. मग मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहतो, हातात केबल, आणि सरळ माणसाकडे बघतो. समोरचा माणूसही माझ्याकडे बघतो. होल्डर आत घालून स्लाइड ओढेपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात लोकांचं हसणं विरघळतं, खांदे खाली येतात. माझ्या वडिलांचा एक फोटो आहे. सगळी तयारी होईस्तोवर ते कंटाळले आणि दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून बसले. ते हात मला ३५ एमएमवर मिळाले नसते. १/१२५ मध्ये माणूस फोटोसाठीच बसलेला असतो.

मुक्तछंद | रविवार, रात्री ९.४४

पालथे हात. आहाहा.

अंधारखोली | रविवार, रात्री ११.१०

चौकट, तुमचं शेवटचं वाक्य उद्या सकाळी परत वाचणार आहे. ॲव्हेडॉनचे आकडे लक्षात होते पण असे जोडले नव्हते.

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. फोटो 'जमण्याचा' एक भाग धुण्यात असतो, आणि तिथे शीट आणि रोल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा सकाळी ढगाळ उजेडात दहा फ्रेम काढल्या आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात उरलेल्या. रोल एकच, तो एकाच डब्यात एकाच वेळात धुतला जाणार. कोणाचा तरी बळी जातोच. शीट सुटी असते. ढगाळ दिवसाची जास्त वेळ धुवा, कॉन्ट्रास्ट उचलला जातो. कडक उन्हाची कमी वेळ, पांढरे भाग आटोक्यात राहतात. ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी बसवलेली झोन पद्धत (उजेड मोजून एक्सपोजर आणि धुणं ठरवण्याची) खऱ्या अर्थाने शीटवरच पूर्ण वापरता येते. म्हणून माझ्याकडे शीटच्या ज्या निगेटिव्ह नीट एक्सपोज झाल्या, त्या सहज प्रिंट होतात. ३५ एमएमच्या कित्येक चांगल्या फ्रेम प्रिंट करताना घाम निघतो.

रोलवर काम करणाऱ्यांनी हे करावं: उजेड बदलला की रोल बदला, निदान अर्धवट रोल काढून ठेवा. १२० मध्ये अदलाबदलीची मॅगझिन (रोल ठेवायचे सुटे डबे) असली तर फारच उत्तम.

नवखा_डोळा | सोमवार, सकाळी १०.०५

मी डिजिटलवाला, क्षमस्व. पण प्रश्न आहे. मी स्वतःला नियम घातला की आज १२ च फोटो काढायचे, स्क्रीन झाकायची. तर हाच परिणाम मिळेल का?

सावलीवाला | सोमवार, सकाळी १०.३०

क्षमा कसली, या. मी केलंय. दोन दिवस टिकतं. तेरावा फोटो काढता येतो हे बोटाला माहीत असतं.

पाऊलवाट | सोमवार, सकाळी ११.४८

नवखा_डोळा, स्क्रीन झाकणं हा त्यातला खरा मोलाचा भाग आहे, बाराचा आकडा नव्हे. फोटो लगेच दिसला की आपण त्या क्षणाच्या आठवणीवर भाळलेले असतो. रस्त्यावर फोटो काढणारा गॅरी विनोग्रांड मुद्दाम रोल वर्षभर न धुता ठेवायचा, काढतानाची भावना विसरली जावी म्हणून. पुढे ते फारच साठत गेलं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले होते, आणि आणखी ६,५०० धुतलेले पण कॉन्टॅक्टही न काढलेले. मी ३५ एमएमची बाजू घेते, पण हा आकडा वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. बटणाच्या पलीकडची निवड करायची तर ती करावी लागते. ती टाळली तर २७,००० फ्रेम म्हणजे नुसती अडगळ. फ्रँकने निवड केली, म्हणून ८३ उरले.

जुनी_वही यांचं म्हणणं मी आता जास्त मान्य करते. निवड अलीकडे करा की पलीकडे, सुटका नाही.

मुक्तछंद | सोमवार, दुपारी २.१५

थोडं अवांतर, हाफ-फ्रेमबद्दल. इतकं मोठ्या फिल्मवर बोलणं झालं, माझी तर ३५ एमएमच्याही निम्मी! १८ बाय २४ मिलिमीटर, एका रोलमध्ये ७२. ऑलिंपसने १९५९ मध्ये पेन नावाचा कॅमेरा काढला तेव्हा ही जात लोकप्रिय झाली, आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा कोरा हाफ-फ्रेम काढलाय.

सगळ्यांना वाटेल ७२ म्हणजे उधळपट्टी. मला उलट अनुभव आला. रोल संपता संपत नाही, चार-चार महिने कॅमेऱ्यात राहतो. मग मी शेजारशेजारच्या दोन फ्रेम जोडीने विचारात घ्यायला लागले. आधी दार, मग दारातली चप्पल. आधी आजीचा चष्मा, मग ती जे वाचत होती ते पान. एक फ्रेम चुकली तर जोडी फुटते, म्हणून दुसरी फ्रेम घेताना मी जेवढी थांबते तेवढी ६ बाय ६ वर कधी थांबले नव्हते. काळजी मोजणीतून येते असं पहिल्या दिवशी सावलीवाला म्हणाले, माझी जोडीतून आली.

सावलीवाला | सोमवार, दुपारी २.४०

चष्मा आणि पान ही जोडी दाखवा ना. आणि हो, माझं पहिल्या दिवशीचं 'मोजणीच' मागे घेतो.

अंधारखोली | सोमवार, रात्री ९.२०

काजवा, तुम्ही गप्प आहात म्हणजे कॅमेरा आणलेला दिसतोय. मला एका जुन्या जाणत्याने शिकवलेली ओळ देतो, ती मोठ्याने म्हणायची, लाजायचं नाही: 'डोळा बंद, चाप चढव, घर घाल, पट्टी काढ.' डोळा म्हणजे लेन्स. दाबून झाल्यावर: 'काळी बाहेर.' ही ओळ म्हणायला लागल्यापासून माझ्या कोऱ्या आणि काळ्या शीट जवळजवळ थांबल्या.

तिपाई | सोमवार, रात्री ९.३५

यात 'भाता मोजला का?' जोडा. जवळच्या फोटोला हमखास राहतं.

काजवा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.००

अंधारखोली, बरोबर ओळखलंत. कॅमेरा आणला, तीन होल्डर, सहा शीट. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचून मगच बाहेर पडलो.

आधी जुन्या हिशेबाबद्दल. जुनी_वही यांच्या सांगण्यावरून मागचे रोल काढून 'फेरीमागे' मोजले. ३५ एमएम आणि ६ बाय ६ मध्ये फरक उरलाच नाही. आणि तिपाई, तुमचंही खरं निघालं. ३५ एमएमच्या बाद फ्रेम लूपखाली धरल्या तर त्यातल्या बऱ्याच चांगल्या आहेत, फक्त हललेल्या. म्हणजे तिथे मी बघितलं नीट होतं, धरलं नीट नव्हतं. सहा वर्षं मी त्यांना 'न जमलेले' म्हणत होतो.

आता सहा शीटचं. पहिली काळी, लेन्स उघडीच राहिली. दुसरी नीट निघाली पण फोटो काहीच नाही. इतका हातांकडे लक्ष देत होतो की समोर काय आहे ते विसरलो. तिसऱ्या आणि चौथ्या शीटला ओळ मोठ्याने म्हटली, दोन्ही नीट. त्यातली एक मला आवडलीय, आमच्या जुन्या घराच्या ओसरीवरची रिकामी खुर्ची. हातांचं काम ओळीवर सोपवल्यावर पहिल्यांदा बघायला मोकळा झालो.

पाचवी आणि सहावी जिन्यासाठी ठेवल्या होत्या. त्याच घराचा दगडी जिना, मधल्या पायऱ्या पावलांनी झिजून खोलगट झालेल्या. कापडाखाली शिरलो, फोकस लावला. खोलगट भागात सावली हवी होती, ऊन मात्र आडवं न येता वरून पडत होतं. दीड तास उभा राहिलो. ऊन आणखी वर गेलं. सामान आवरलं आणि परत आलो. दोन्ही शीट कोऱ्या.

३५ एमएम असता तर त्या दीड तासात अर्धा रोल काढला असता, हे नक्की. त्यातून काही मिळालं असतं की नाही, सांगता येत नाही. पाऊलवाट म्हणतील मिळालं असतं. पण त्या दीड तासात त्या जिन्याची कुठली पायरी किती झिजलीय, कुठल्या दगडाला लोखंडी कडीचा गंज उतरलाय, हे मला आता पाठ आहे. लहानपण त्या जिन्यावर गेलं आणि हे कधी बघितलं नव्हतं.

पाऊलवाट | रविवार, रात्री ८.२५

नाही म्हणणार. जिना तुमचा आहे, तुम्ही म्हणता तसंच करा. खुर्चीचा फोटो मात्र इथे लावा.

अंधारखोली | रविवार, रात्री ८.५०

त्या दोन शीट अजून होल्डरमध्येच आहेत ना? पांढरी बाजू बाहेर? आणि ऊन पायऱ्यांवर कधी येतं ते लिहून ठेवलं का?

काजवा | रविवार, रात्री ९.०५

दोन्ही पांढऱ्या, आत्ताच बघितल्या. मी ९ ला पोचलो तेव्हाच उशीर झाला होता. शेजारच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या सकाळी सातच्या सुमाराला ऊन तिसऱ्या पायरीवर आडवं असतं. वहीत लिहिलंय.

अंधारखोली | रविवार, रात्री ९.१२

मग साडेसहाला ट्रायपॉड लावून तयार राहा. भाता मोजायचा विसरू नका.